ठाण्याचे साहेब डोंगराखाली

डोंगरात राहायला येणाऱ्या शहरी माणसांचे किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. ओट्यावर तांदूळ पाखडत बसावं, आपोआप सुपात पडतात! त्यात माझा शेजार शिरीषरावांचा. रिटायर झाल्यावर ते आणि मंजूताई ठाण्याहून कोलाडजवळच्या आमच्या वाडीत बंगला बांधून आले. मंजूताई लगेच रुळल्या. साहेबांचा मात्र एक पाय कायम ठाण्यात. ही दोघं राहतात की जातात, याची त्यांच्यापेक्षा मलाच काळजी. खिडक्या समोरासमोर आहेत ना!

*

बूट, टोपी, काठी अशा थाटात साहेब रोज सकाळी डोंगर चढायचे. माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "गुरं हरवली काय?"

"नाही हो, सहज. वर हवा छान असते."

दुसऱ्या दिवशी साहेब घामाघूम होऊन उतरले, तर ओट्यावरून सासऱ्यांची हाक, "गावली काय हवा?"

*

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही राब भाजला. म्हणजे भाताचं बी पेरायच्या जागेवर पालापाचोळा पसरून पेटवायचा. साहेबांनी गच्चीवरून धूर बघितला आणि थेट रोह्याला फोन. घंटा वाजवत बंब हजर!

बंबवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, ही आग नाय, शेती हाय."

तोवर आम्ही बायका हंडे घेऊन लायनीत. नळाला पाणी नव्हतं ना! जाऊबाई साहेबांना म्हणाल्या, "परवा बी करा हो फोन!"

*

थंडीत ठाण्याचे पाहुणे आले. साहेब म्हणाले, "पोपटी मीच लावणार!" मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरला, मडकं पालथं घातलं, भोवती जाळ केला. सगळं बरोबर. फक्त जागा? गच्चीवरच्या नव्या टाइल्स! फाटफाट आवाज सुरू झाले. शेंगाच फुटतायत असं वाटून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंजूताईंनी एक शेंग चाखली. "शेंगा कच्च्या हायत. टाइल्स मस्त भाजल्या!"

*

दुसऱ्या पावसात साहेबांच्या लग्नातल्या कोटाला बुरशी आली. "बस झाला डोंगर!" म्हणून त्यांनी फाटकाला लाकडी पाटी ठोकली: 'बंगला विकणे आहे.'

मंजूताई माझ्या ओट्यावर डोळे पुसत बसल्या. "वनिता, मला नाय जायचं गो. ह्यांचं एकच, इथं आपलं आहे कोण?"

"मी काय भिंत हाय?"

रडता रडता हसल्या. पण पाटी काही हलेना. मग बंगला बघायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बिबट्याची माहिती द्यायला लागले. न विचारता!

*

आमच्याकडे होळीला पोरं लाकडं चोरतात. कुणाची मोडकी खाट, कुणाचं फाटक. ज्याचं गेलं त्यानं रागवायचं नाही, असा रिवाजच आहे. यंदा साहेब तरातरा होळीवर आले. जाळात मधोमध त्यांची पाटी!

"माझी पाटी कुणी आणली? पोलिसात जाईन!"

पोरं पांगली. सासरे शांतपणे म्हणाले, "साहेब, वाडीतल्या घरचंच लाकूड चोरतात. बाहेरच्याच्या वस्तूला कोण हात लावत नाय."

साहेब जाळाकडे बघत राहिले. मंजूताईंनी माझा हात घट्ट धरला.

मग साहेबांचा आवाज आधीपेक्षाही चढला, "अन् गेल्या वर्षी? गेल्या वर्षी माझं काहीच का नाय नेलंत?"