बाबलच्या बापाचा पेला

बाबल पुन्हा प्यायला ही बातमी आली तेव्हा मी कॅरमबोर्डावर पावडर टाकत होतो. गंमत म्हणून नव्हे, ती माझी ड्यूटी होती.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. राज्यात दारूबंदी होती आणि मी त्या कामावरचा प्रचारक. प्रचारक म्हणजे पकडणारा नव्हे, त्यासाठी पोलीस होते. मी समजावणारा. देवगडच्या अलीकडच्या एका वाडीत माझं ‘केंद्र’ होतं. केंद्र म्हणजे भाड्याची पडवी, एक कॅरम, एक पेटी आणि शिळी वर्तमानपत्रं. माणसाने गुत्त्यावर जाण्याऐवजी इथे येऊन बसावं, अशी कल्पना. शिवाय एक मॅजिक लँटर्न होता, म्हणजे काचेवरची चित्रं भिंतीवर मोठी करून दाखवणारा दिवा. त्यात दारुड्याच्या सडक्या लिव्हरचं चित्र होतं. ते लावलं की मागून आवाज यायचा, “मास्तरानू, ह्यां मटण खंयचा?”

माझी बायको अजून म्हणते, हे लोकांची दारू सोडवायला गेले आणि कॅरम शिकून आले. मी वाद घालत नाही. पण बाबल माझी केस होता आणि त्याच्या बाबतीत मला खरोखर काळजी होती.

बाबल तिशीचा खलाशी. चांगला दर्यावर्दी, पण पिण्यापायी कोणी तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, त्याला गलबतावर घेईना. डॉक्टरांनी त्याला इंजेक्शनं देऊन दोनदा उभा केला होता. दोनदा तो पुन्हा पडला. दुसऱ्या वेळी तर भर दुपारी सरळ समुद्रात चालत गेला. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी ओढून काढला. कोणीतरी हाक मारली, एवढंच तो सांगायचा. डॉक्टर मला म्हणाले होते, “आता पुन्हा असा झाला तर माझ्याकडे आणू नका. भटजींनाच बोलवा.”

आणि आता हे तिसऱ्यांदा.

वाडीतले लोक म्हणायचे, “अवशीक तेच्यार येता.” अमावास्येला त्याच्या अंगावर कोणीतरी येतं. मी हसण्यावारी नेत होतो. पण तिन्ही वेळा अवसच होती, हे मलाही नाकारता येईना.

मी त्याच्या घरी गेलो. घर वाडीच्या टोकाला. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं समुद्राकडे. मागच्या दाराला काळ्या दगडाची पायरी. घरात बाबल आणि त्याची आई, दोघंच. आईला सगळी वाडी काकी म्हणायची. त्यांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. नवरा कौलं भरलेल्या पडावाबरोबर समुद्रात गेला तो परत आला नव्हता, ही गोष्ट जुनी झालेली. त्या कुंकवाबद्दल वाडीत कोणी बोलत नसे. मीही बोललो नाही.

बाबल पडवीत पडला होता. डोळे लाल, पण शुद्धीवर. मी त्याला उठवून किनाऱ्यावर नेलं.

“कशाला प्यालास रे? महिनाभर तर बोटसुद्धा लावलं नव्हतंस.”

तो वाळूत बसला आणि म्हणाला, “मास्तरानू, एक सांगतंय. आयेक सांगू नकात.”

“सांगणंय नाय. बोल.” सरकारी माणूस म्हणून मी प्रमाण मराठीत सुरुवात करायचो आणि दुसऱ्या वाक्याला घसरायचो.

“बाबांचो पडाव इलो नाय, तेवा आयेन अवशीक भर दुपारी मागल्या पायरेर पान ठेयल्यान. भात, सुको बांगडो आणि पेलो भरून दारू. तेंका आवडायची. दार लावन घेतल्यान. उघडून बघता तर पेलो तसोच. म्हणाक लागली, आणखी एक अवस वाट बघतंय. तेवा पण पेलो भरलेलो आसलो, तर ते खरेच गेले. मग कुकू पुसतंय.”

“मग?”

“फुडल्या अवशीक मी घराक वळसो घालून गेलंय. वाळयेत दारू वतलंय आसतो, तर तिका वास इलो आसतो. म्हणान पिलंय. सतरा-अठरा वर्सांचो होतंय, कधी तोंडाक लावूक नव्हती. आयेन दार उघडल्यान, पेलो रिकामो. ती हसली, मास्तरानू. त्या वर्साक पयल्यांदा हसली.”

“आणि तेव्हापासून दर अवशीला...”

“दर अवशीक. मगे दारू एका पेल्यार थांबाना.”

मी आयुष्यभर पुरतील इतकी कारणं ऐकली आहेत. बायको माहेरी गेली, मासळी मिळाली नाही, मासळी फार मिळाली. हे कारण मात्र माझ्या कुठल्याच स्लाइडमध्ये बसत नव्हतं. बाबल सुधारला तर त्याची आई विधवा होणार होती.

महिन्याच्या मीटिंगला मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब पुण्याकडचे, उत्साही.

“घरात दारू ठेवतात? केस करा!”

“साहेब, म्हातारीवर?”

“मग पेल्यात लिंबूसरबत ठेवायला सांगा. मेलेल्याला काय कळतंय?”

“मेलेल्याला नाही कळणार, पण तिला सांगावं लागेल ना.”

“मग पर्यायी करमणूक वाढवा. पेटी आहे ना केंद्रावर?”

“आहे साहेब. तीन सूर गेलेत.”

“उरलेल्यांवर भागवा.”

तेव्हा मीच एक योजना काढली. पुढच्या अवशीला बाबलने पुढच्या पडवीत आईजवळ बसायचं, जागचं हलायचं नाही. मी मागून जाऊन पेला एका रिकाम्या बाटलीत ओतून घ्यायचा आणि दूर नेऊन समुद्रात टाकायचा. थोडक्यात, दारूबंदीचा सरकारी माणूस पिशवीत हातभट्टीची बाटली घेऊन भर उन्हात हिंडणार होता. पोलिसांनी धरलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा विचार आजही करत नाही.

अवस आली. काकींनी पान ठेवलं, मागचं दार लावलं आणि पुढे येऊन बसल्या. अशा वेळी त्या घरात कोणी बोलत नसे. बाबल ठरल्याप्रमाणे त्यांच्याजवळ बसला. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो, आणि घराला वळसा घातला.

बरोबर माथ्यावर ऊन. वारा पडलेला. समुद्र समोर होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. लाटा फुटताना दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. माडावर कावळे ओळीने बसले होते. पायरीवर भात होता, बांगडा होता. एकही कावळा खाली उतरला नव्हता.

मी बाटलीचं बूच काढलं आणि पेला उचलला.

पेला रिकामा होता. तळाशी थेंबभर ओल, तेवढीच.

मी इकडेतिकडे पाहिलं. वाळूवर माझीच पावलं. पायरीला हात लावला. कोणी नुकतंच उठून गेलं असेल तर जागा गरम असते. हा दगड तर तासन् तास उन्हात तापलेला. तो गार होता. नुसता गार नाही, खारट ओला. मी घाईने परत आलो. धावलो नाही, एवढं मी घरच्यांना नेहमी सांगतो. ते विश्वास ठेवत नाहीत.

काकींनी उठून दार उघडलं, पेला पाहिला आणि म्हणाल्या, “इले होते.”

बाबलने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली आणि पिशवीतली बाटली दाखवली. कोरडी. त्याचा चेहरा उतरला. तो खाली बसला आणि भडाभडा बोलून गेला.

“आये, इतकी वर्सां मीच पियत होतंय गो. बाबा नाय. मीच.”

“म्हायत आसा माका.”

“तुका म्हायत आसा?”

“मेल्या, तुझ्या तोंडाचो वास माका येणा नाय? तेंका हात खंय आसत? तुझ्या हातान पितत ते.”

बाबल म्हणाला, “मग आज कोणाच्या हातान पिले? मी तुझ्या फुड्यात बसलेलंय.”

काकी थबकल्या. मग माझ्याकडे वळल्या. “मास्तर, तोंड उघडा बघू.”

दारूबंदी प्रचारकाच्या तोंडाचा वास घेतला गेल्याची ही राज्यातली बहुधा एकमेव घटना असावी. मी तोंड उघडलं. त्यांनी वास घेतला. सकाळचा चहा, बाकी काही नाही. त्या मागे सरकल्या आणि मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं.

“म्हणजे हात गावले तेंका,” त्या हळू म्हणाल्या.

बाबल रडायच्या बेताला आला. “आये, ते माका हाक मारतत. त्या दिसा पाण्यात गेलंय, तां हाकेनच. प्यालंय की ऐकाक येता. तेंका वांगडाक कोण तरी होया.” वांगडाक म्हणजे सोबतीला.

काकी डोक्यावरून पदर घेऊन मागच्या दारात गेल्या आणि समुद्राकडे तोंड करून बोलायला लागल्या. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, तसंच. फक्त सूर देवाशी बोलण्याचा नव्हता, नवऱ्याशी बोलण्याचा होता.

“ऐकलात काय! इतकी वर्सां पेलो दिलंय, कधी काय मागूक नाय. आता मागतंय. झीलाक हाक मारू नकात. तो दारू सोडता आसा. एकट्याक जमाचा नाय तेका. तुमी पण सोडा. दोघा मिळान सोडा. फुडल्या अवशीक कोरी चाय ठेवतलंय. जमात तर येवा.” त्यांनी अंगठा कपाळापर्यंत नेला. “आणि झीलाक न्हेतलात, तर मी ह्यां पुसतलंय. मग या घराक तुमी कोण नाय.”

“व्हय म्हाराजा,” बाबल सवयीने म्हणाला. गाऱ्हाण्याला असंच म्हणतात. मीही म्हटलं. त्या वेळी मी ड्यूटीवर होतो.

पुढचा महिना बाबलने कसा काढला ते मी पाहिलं. तलफ आली की तो मागच्या पायरीवर जाऊन बसायचा. एका कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. “बाबानू, आज लय जीव जाता,” असं म्हणायचा, मग गप्प राहून ऐकायचा. मग मान हलवायचा. एकदा तर हसला. मी लांबूनच परत फिरलो. कॅरमला बोलवायची ती वेळ नव्हती.

अवशीला काकींनी पायरीवर कोरा चहा ठेवला. आम्ही तिघंही पुढे बसलो आणि या वेळी मी पाय मोकळे करायला गेलो नाही. दार उघडलं तेव्हा चहा अर्धा होता.

“सवय लागाक वेळ लागतलो,” काकी म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या अवशीला पेला रिकामा झाला. बाबलला पुन्हा हाक आली नाही. पावसाळा संपल्यावर एका तांडेलाने त्याला गलबतावर घेतलं. पहिली फेरी करून तो आला तेव्हा काकी किनाऱ्यावर उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे पाहतच नव्हत्या, त्याच्या थोडं डावीकडे पाहत होत्या.

पुढे साहेब टूरवर आले. देवळासमोर सभा झाली. दारू सोडलेल्यांचा सत्कार होता आणि दाखवण्यासारखा माझ्याकडे एकच माणूस होता. साहेबांनी बाबलच्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, “कोणाच्या मदतीने सोडलीत?” माझ्याकडे बोट दाखवेल म्हणून मी टोपी सरळ केली.

“बाबांच्या वांगडाक,” बाबल म्हणाला. “तेंनी पण सोडल्यानी.”

“वा! बापलेक दोघेही!” साहेब खूश. “वडील कुठे आहेत? बोलवा त्यांना वर.”

“घराकडे आसत. लोकांत येणत नाय.”

सभेत एकही माणूस हसला नाही. सगळे समुद्राकडे बघायला लागले. साहेबांनी दुसरा हार माझ्या हातात दिला. “तुम्ही स्वतः पोचवा. ज्येष्ठ माणूस आहे.”

मी पोचवला. काकींनी तो पायरीवर ठेवला आणि दार लावलं. चहा घेऊन जावा म्हणाल्या. मी चहा घेतला, घाईघाईने, तोंड भाजून. तेवढ्यात मागे दगडावर काहीतरी ओलं सरपटल्यासारखा आवाज झाला. काकींनी पदर सारखा केला. मी उठलो.

त्या महिन्याच्या रिपोर्टात मी लिहिलं : व्यसनमुक्त इसम, दोन. साहेबांनी ‘शाब्बास’ लिहून परत पाठवला.

पुढे बरीच वर्षं हे काम केलं. शिकलो ते इतकंच, की दारू सोडणाऱ्याला शेजारी बसणारं कोणीतरी लागतं. ते जिवंतच असावं, अशी अट आमच्या परिपत्रकात कुठे नव्हती. मी दोनदा वाचून पाहिलं.