आत्यानं वाचवलेली दाढ

आत्या गेली त्याला आता दीड महिना होईल. मी हैदराबादला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, तो दाराजवळच्या कपाटात ठेवावा लागतो. सुट्टी झाल्यावर काढला तर भावाचे अकरा मिस्ड कॉल. सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसली ती उठलीच नाही, असं तो म्हणाला. माझी गाडी परभणीला लागेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही... माझं शिक्षण आठवीपर्यंतच, लिहायची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण माझ्या तोंडातली एक दाढ तिच्यामुळं आहे आणि हे मी तिला कधी नीट बोलून दाखवलं नाही, म्हणून भीत भीत का होईना लिहायलेय.

कमलआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला पोखर्णीला दिलेली. नवरा लवकर गेला, लेकरूबाळ नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली तशी घरच्यांनी मला तिच्याकडं सोबतीला ठेवलं. ती गोधड्या शिवायची. हाताला सुई आणि तोंडाला मिसरी, असा तिचा दिवस जायचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि गल्लीतल्या बायकांबरोबर ओट्यावर बसून बोटानं दात घासायची, एकदा नाही, दिवसातून तीनदा. मिसरीनं दात घट्ट राहतात असं त्या एकमेकींना सांगायच्या, आणि सांगणाऱ्या निम्म्या बायकांना पुढचे दात नव्हते. त्यावर हसायच्याही त्याच.

तिची वरची दाढ दुखायला लागली तेव्हा तिनं वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. वरचा दात काढला की नजर जाते, असं आमच्याकडं सगळेच मानायचे. नजर गेली तर सुई कशी ओवणार, ही तिची भीती. दुखलं की लवंग धरायची, नाहीतर आणखी मिसरी लावायची. शेवटी गाल सुजून डोळा झाकायला आला तेव्हा मी तिला एसटीत बसवून परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, कीड लागली तेव्हाच आला असतात तर दाढ भरून भागलं असतं, आता मुळाशी पू झालाय, हिरडीनं धरही सोडलाय, काढावीच लागेल. नजरेचं तिनं विचारलंच. डोळ्याचा न् दाताचा संबंध नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं आणि सुई देऊन जागा बधिर केली. दाढ निघाली तरी ही तोंड उघडून बसलेली, अजून काढायचीच आहे असं समजून.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, मिसरी तर अजिबात नाही. पण तोंडातलं रगत गिळू नये, घाण असतंय ते, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आत्यानं स्टँडवरच बोळा फेकला आणि पोखर्णी येईपर्यंत खिडकीतून थुंकत राहिली. घरी आल्यावर रक्त थांबावं म्हणून चिमूटभर मिसरी त्या खड्ड्यात दाबली. मी शेजारी बसून बघत होते, मलाही ते बरोबरच वाटलं. तिसऱ्या दिवशी कानापासून कपाळापर्यंत अशी कळ निघाली की ती भिंतीला डोकं टेकून बसली. पुन्हा परभणी. खड्ड्यात रक्ताची गाठ धरते ती जखमेवरचं झाकण असते, डॉक्टर म्हणाले, तुम्ही ती थुंकून टाकलीत, आतलं हाड उघडं पडलंय. त्यांनी जखम धुऊन औषध भरलं. मिसरी तिची लगेच सुटली नाही, वर्ष गेलं, मधे दोनदा चोरून लावताना मला सापडली. पण सुटली. तोवर दातही बरेच गेले होते.

मी एकोणीस वर्षांची झाले आणि माझीच खालची दाढ ठणकायला लागली. सारखा गोड चहा, बिस्किटं, आणि दात न घासताच निजायची सवय. नेमकं आठ दिवसांनी हैदराबादला निघायचं होतं. पेडगावची एक बाई आमच्याकडच्या पोरींना कंपनीत लावायची, तिच्या ओळखीनं जागा मिळालेली. उशीर झाला तर ती दुसरीला देईल, या धास्तीनं मला जेवण जाईना. वडील फोनवर म्हणाले, काढून मोकळी हो, एका दाढेनं काय बिघडतंय. मलाही तेच पाहिजे होतं.

"काढू दे ना आत्या, मला जायचंय."

"जा की. दाढ घेऊन जा."

मी रडायला लागले तशी ती जवळ आली. "मी नऊ काढल्यात, बाय. एक गेली की शेजारची कलती, मग ती बी जाती. भाकर दुधात बुडवून खायलेय मी, बगतीस की रोज. जागा दुसरी मिळंल, दाढ न्हाई मिळत."

आत्या मला परभणीला त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेली, त्यांनी दाढेचा फोटो काढला. कीड आतल्या नसेपर्यंत गेली होती, पण मुळं मजबूत होती. नस काढून, मुळं साफ करून दाढ भरता येईल, वर टोपी बसवायची, तीन खेपा लागतील. तीन खेपा म्हणजे पंधरा दिवस. आत्या दुसऱ्याच दिवशी पेडगावला गेली आणि त्या बाईच्या ओट्यावर जाऊन बसली. चहा घेईना, उठेना. पोरगी पंधरा दिवसांनी येईल, तवर मी जाते डब्या भरायला, सुईचा हात हाय माझा, असं म्हणाली म्हणे. बाई हसली, आणि जागा राहिली. तिसऱ्या खेपेला टोपी बसली. त्या दिवशी आत्यानं फुटाणे आणून माझ्या हातावर ठेवले आणि मी त्या बाजूनं चावेपर्यंत समोरून हलली नाही. गाडीत बसवताना आशीर्वाद वगैरे काही नाही. रात्री घासल्याबिगर निजायचं न्हाई, आन् दुखो का न दुखो, सहा महिन्याला दाखवायचं, एवढंच.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली. दर रविवारी सकाळी मुलीचे दात घासून झाले की आत्याला व्हिडिओ कॉल. ती फोन कानालाच लावायची, त्यामुळं आम्हाला तिचा नुसता कान दिसायचा, आणि माझी मुलगी त्या कानापुढं आ करून उभी राहायची. मग फोन समोर धरून आत्या म्हणायची, मागचे बगू दे, मागचे. हे चार वर्षं चाललं. त्यातल्या एखाद्या रविवारी, आत्या, तुझ्यामुळं माझी दाढ राहिली, एवढं म्हणायला काय लागत होतं... पण आमच्यात असलं बोलायची पद्धत नाही, आणि मला वाटलं आहे वेळ.

परवा रविवारी मुलगी दात घासून आली, फोनकडं बघितलं आणि म्हणाली, आता कुणाला दाखवू? मला दाखव, म्हटलं, आणि हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. अगदी मागं, हिरडी फोडून एक पांढरं टोक वर यायलंय. दुधाची नाही ती दाढ, जन्मभराची आहे.

"अजून मोठा आ कर," मी म्हणाले. "मागचे बगू दे."