दर ऑक्टोबरचा एक नर

मर्डिना फिनलेसनने ते पुस्तक आपणहून आणून साहेबांच्या पुढ्यात ठेवलं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

साहेब म्हणजे गेडिस. मूल्यांकन कचेरीतला पन्नाशीचा, सर्दीने बेजार झालेला माणूस. सरकारने शिकारीच्या रानांवर पुन्हा कर बसवला होता. कुठलं रान मौजेच्या शिकारीचं आणि कुठलं नुसतं हरणं आवरण्याचं, हे ठरवायला तो सेलखच्या खोऱ्यात आला होता. मर्डिनाने फॉर्मवर लिहून पाठवलं होतं, ‘शिकार नाही. हरणं मारते, झाडं वाचवायला.’ या एका ओळीचा अर्थ त्याला हवा होता.

“हरणं मारतं कोण?” त्याने विचारलं.

“मीच.”

“एकट्या?”

“मारायला एकटीच लागते.”

“काही नोंद ठेवता?”

“म्हणजे काय!” मर्डिना उठली आणि चुलीशेजारच्या फळीवरून निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन आली. ते तिने शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होताना आणलं होतं. तिथे त्यात पीठ आणि बटाटे लिहायचे, इथे ती हरणं लिहायची. तारीख, नर की मादी, कुठे सापडली, आणि शेवटच्या रकान्यात नाव. पुस्तकाचा तिला अभिमान होता. गेडिस वाचत असताना तिने त्याच्यापुढे ओटची बिस्किटं आणि चीज ठेवलं.

गेडिसने गेल्या हिवाळ्याचं पान बोटाने मोजलं. एकतीस हरणं, चौदा नावं. गुरांचा डॉक्टर, टपालवाली, चर्चचा पाद्री, शाळेतल्या दोन शिक्षिका, फेरीबोटीवरचा तिकीटवाला.

“इतके पाहुणे येतात तुमच्याकडे शिकारीला?”

“शिकारीला कशाला येतील? ओढायला येतात.”

“ओढायला?”

“मेलेलं हरीण काय आपल्या पायांनी खाली येतं, साहेब? दोर बांधून ओढून आणावं लागतं. जो ओढेल त्याचं नाव.”

गेडिसने नाक पुसलं. “पण बाई, पुस्तकात नाव असतं ते गोळी घालणाऱ्याचं. सगळ्या इस्टेटींत तसंच असतं.”

“त्यांच्यात असेल. माझ्यात नाही.”

ती समजावत गेली. जितकं समजावत होती तितकं ते तिचं तिलाच रचल्यासारखं वाटू लागलं. गेडिसने चौदाही नावं उतरवून घेतली, चहाचे आभार मानले आणि गेला.

त्या रकान्यामागे एक जुनं दुखणं होतं, पण ते सरकारी माणसाला कसं सांगणार? मर्डिनाचा बाप फार्कर मोठ्या इस्टेटीवर हरणांचा माग काढून देणारा माणूस होता. पाहुण्यांना पोटावर सरपटवत हरणाच्या टप्प्यात न्यायचं, बंदूक त्यांच्या हातात द्यायची आणि कानात सांगायचं, ‘आता’. मारलेला नर घोड्यावर लादून खाली आणायचं काम अकराव्या वर्षापासून मर्डिनाचं. पावसात, चिखलात, एका हातात लगाम आणि दुसऱ्याने शिंगं सावरत. संध्याकाळी हवेलीतल्या मोठ्या पुस्तकात नोंद व्हायची. नर, इतक्या वजनाचा, आणि पुढे कुणा कर्नलचं किंवा कुणा बँकवाल्याचं नाव. बापाचं नाव नाही, घोड्याचं नाही, तिचं तर नाहीच.

सोळाव्या वर्षी तिने बापाला विचारलं होतं, मला एकदा बंदूक द्याल का? फार्कर बराच वेळ बूट पुसत बसला. मग म्हणाला, “रान तू माझ्यापेक्षा चांगलं ओळखतेस, पोरी. वाराही ओळखतेस. पण पाहुण्यांना आवडायचं नाही.”

पुढे तिने शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं सूप ढवळलं. लग्न केलं ते नॉर्मनशी, मेंढपाळाशी. इस्टेट फुटून तुकड्यांनी विकली गेली तेव्हा त्या दोघांनी नऊशे एकरांचा एक उघडा डोंगर घेतला. हेदरची खुरटी झुडपं, दगड, दलदल आणि चाळीस मेंढ्या. झाड म्हणून जे होतं ते सगळं म्हातारं. ओढ्याकाठी भूर्जाची रोपं दर वर्षी उगवायची आणि दर हिवाळ्यात हरणं ती घोट्याइतकी खुडून टाकायची. “आपल्या डोंगराला पोरंच होत नाहीत,” नॉर्मन म्हणायचा. त्याची स्वतःची गोळी समोरच्या गोठ्यालासुद्धा लागली नसती. तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्याने जुनी बंदूक आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “घे. माझ्याच्याने होणार नाही, आणि तुझ्या मनातून काही हे जायचं नाही.”

त्या हिवाळ्यापासून ती माद्या मारू लागली. माद्या कमी झाल्या तशी रोपं वर येऊ लागली. नॉर्मन सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला तेव्हा भूर्ज त्याच्या खांद्याला लागत होते. आता ते मर्डिनाच्या डोक्यावर गेले होते.

डिसेंबरात कचेरीचं पत्र आलं. तिचा डोंगर शिकारीचं रान म्हणून नोंदवायचं ठरत होतं. चौदा बंदुकांचं, म्हणजे चौदा शिकाऱ्यांचं रान. वर्षाचा कर तिच्या कोकरांच्या विक्रीतल्या निम्म्या पैशांएवढा. हरकत असेल तर महिन्याभरात कळवावी.

पत्राची बातमी तिच्याआधी शेजारच्या इस्टेटीच्या व्यवस्थापकाला लागली असावी. लॉरिमर त्याचं नाव. चांगल्या लोकरी कोटातला, गोड बोलणारा माणूस. फाटकावर हात टेकून म्हणाला, “एवढं काय मनाला लावून घेता? मी वर्षाला सहा पाहुणे पाठवतो. तुमचा कर परस्पर सुटेल, वर चार पैसे उरतील.”

“आणि तुम्हाला काय हवं?”

“काही नाही हो. माद्या जरा कमी मारा, एवढंच. माद्या नसल्या तर नर इकडे कशाला उतरतील?”

एकतीसऐवजी दहाच हरणं मारली तर दोन हिवाळ्यांत ओढ्याकाठी काय उरेल, हे मर्डिनाला तोंडपाठ होतं. आणि कर भरत बसलं तर मेंढ्या विकाव्या लागतील, मग या घरात राहायचं कशावर?

तिची मुलगी इशबेल इन्व्हर्नेसला इस्पितळात कामाला होती. आई डोंगरावर गेली की उतरल्यावर फोन करायचा, हा तिचा नियम. फोन यायला अर्धा तास उशीर झाला तर ती तिकडे हातातली कामं टाकून बसायची. त्या संध्याकाळी फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं.

“आई, तू ते पुस्तक दाखवलंस?”

“त्यांनी विचारलं.”

“उद्या विचारतील कपाटात काय आहे, तर कपाट उघडून दाखवशील!”

“त्यात लपवण्यासारखं काय आहे?”

“चौदा लोकांची नावं आहेत! बाहेरच्या माणसाला काय वाटेल? चौसष्ट वर्षांची बाई एकटी डोंगरावर जाते आणि चौदा जण दोर ओढायला रांग लावतात? मला तरी खरं वाटलं असतं का?” मग आवाज खाली आला. “त्यांची पत्रं गोळा कर. प्रत्येकाने लिहून द्यायचं, मी गोळी घातली नाही म्हणून. रूअरीला सांग, तो करेल.”

रूअरी म्हणजे गुरांचा डॉक्टर. लहानपणी शाळेत मर्डिनाच्या हातचं दोनदा वाढून घेणारा. त्याने चार दिवसांत चौदा पत्रं आणली. टपालवालीने लिहिलं होतं, ‘मला आवाज सोसत नाही. बाई गोळी घालतात तेव्हा मी दगडाआड कानांत बोटं घालून बसते.’ पाद्रीबुवांनी लिहिलं होतं, ‘मी आजवर लोकांच्या रविवारच्या सकाळी सोडून काहीही मारलेलं नाही.’

“हे पण द्यायचं?” मर्डिनाने विचारलं.

“हे तर आधी द्यायचं, मावशी,” रूअरी म्हणाला.

जानेवारीत गेडिस पुन्हा आला. सर्दी तशीच. रूअरी मुद्दाम येऊन बसला होता. गेडिसने एकेक पत्र वाचलं. पाद्रीबुवांच्या पत्रावर तो हसला, हसताना खोकला. मग पुस्तक पुन्हा उघडलं आणि या वेळी नावांचा रकाना सोडून बाकीचे वाचू लागला. मादी, मादी, पिल्लू, मादी. डिसेंबर, जानेवारी, पुन्हा जानेवारी.

“मौजेसाठी पैसे मोजणारा माणूस असल्या गारठ्यात मादीमागे येतो का हो साहेब?” रूअरी म्हणाला. “त्याला सप्टेंबरातला नर लागतो, डोक्यावर शिंगं असलेला. भिंतीवर टांगायला.”

“खरं आहे,” गेडिस म्हणाला. “हे मी पहिल्यांदाच वाचायला हवं होतं.” त्याने पेनाचं टोपण काढलं.

मर्डिनाच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं होतं. इतक्यात गेडिस मागची पानं चाळायला लागला. एका ओळीवर थांबला. मागच्या वर्षाचं पान उलटलं. त्याच्या मागच्या वर्षाचं.

“दर ऑक्टोबरात एक नर दिसतो,” तो म्हणाला. “दर वर्षी एकच. नावाच्या जागी तुमची आद्याक्षरं.”

“तो झाडांना शिंगं घासतो,” रूअरी पटकन म्हणाला. “साली सोलून काढतो. तसल्याला मारावंच लागतं.”

नर झाडांना शिंगं घासतात हे खरंच होतं. गेडिसने मान डोलावली आणि पेन कागदाला लावलं. मर्डिनाला फक्त गप्प बसायचं होतं. चहा पुन्हा हवा का, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं.

“रूअरी, थांब जरा,” ती म्हणाली. “हे नर झाडांपाशी येणारे नाहीत, साहेब. ते वर कोरीत असतात, कड्याखालच्या खोलग्यात. तिथे झाड नाही. घरून दोन तासांची चढण आहे. ओढूनही मीच आणते, म्हणून नाव माझं.”

“मग मारता कशाला?”

“मावशी,” रूअरी हळूच म्हणाला.

मर्डिनाने हात पुसण्याचा कपडा उचलला, घडी केली, उलगडला. “मला आवडतं म्हणून,” ती म्हणाली. “उजाडायच्या आत निघायचं. वारा बघायचा. मग पोटावर सरपटत जायचं, कधी तासभर, सगळे कपडे भिजतात. तो मान वर करतो तेव्हा श्वास धरून पडून राहायचं. आणि ‘आता’ म्हणायला शेजारी कोणी नसतं. माझं मीच ठरवते. मारल्यानंतरचं नाही आवडत, खरं सांगते. दर वेळी वाईट वाटतं. पण तिथवरचं सगळं आवडतं. मांस आम्ही खातो, वाटतो. पण मांसासाठी मी जात नाही. याला तुम्ही मौजच म्हणाल ना?”

रूअरीने कपाळाला हात लावला.

“मौजच म्हणावं लागेल,” गेडिस म्हणाला. “आणि मला ते लिहावं लागेल.”

“लिहा. पण चौदा जणांचं लिहू नका. ते खरोखर दोर ओढायलाच येतात.”

“ते मी आता धरून चाललोय,” गेडिस म्हणाला. मग त्याने पत्रांचा गठ्ठा तिच्याकडे परत सरकवला. पाद्रीबुवांचं तेवढं ठेवून घेतलं.

पुढचे सहा आठवडे वाईट गेले. आकडा किती येईल हे कोणालाच सांगता येईना. रूअरी यायचा, पण त्या विषयावर बोलायचा नाही. इशबेल मात्र बोलायची.

“चांगलं जमत आलेलं होतं, आई. हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास.”

“त्याने विचारलं होतं, इशबेल.”

“विचारलं होतं, विचारलं होतं! डोंगरावरून खाली पडशील याची मला रोज भीती वाटते. कचेरीच्या माणसापुढे पडशील असं वाटलं नव्हतं.” आणि मग, “रात्री झोप लागते का तुला? खरं सांग.”

“लागते.”

“खोटं तुला माझ्याशीच बोलता येतं.”

मार्चमध्ये पाकीट आलं. मर्डिनाने ते चष्मा न लावता आधी उजेडाकडे धरलं, मग चष्मा लावून वाचलं. झाडांच्या रक्षणासाठी मारलेल्या हरणांचं काही मोजलेलं नव्हतं. मोजला होता तो वर्षाला एक नर, एक व्यक्ती. कर अडतीस पौंड. एका कोकरापेक्षाही कमी. तिने लगेच इशबेलला फोन लावला. इशबेल आधी हसली, मग तिचं नाक वाजू लागलं, आणि ‘मला काम आहे’ म्हणून तिने फोन ठेवला.

आठवड्याभरात लॉरिमर पुन्हा फाटकावर आला.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “आता नोंद झालीच आहे तर अवघड काय आहे? एकाचे सात करायला एक अर्ज पुरे.”

“एकाचा भरलाय,” मर्डिना म्हणाली. “एकच मारीन.”

“माझे पाहुणे एका नराला किती देतात माहीत आहे? तुम्ही एकीने जायचं, आणि एवढं रान रिकामं ठेवायचं?”

“रिकामं कुठे आहे?” ती म्हणाली आणि फाटकाची कडी लावली. लॉरिमर गाडीत बसून गेला.

त्याच आठवड्यात तिने ओढ्याकाठच्या एकोणीस भूर्जांभोवती, ते रोपं असताना हरणांपासून राखायला घातलेल्या प्लास्टिकच्या नळ्या कापून काढल्या. आत खोडं इतकी जाड झाली होती की चार नळ्या आधीच उभ्या फाटल्या होत्या.