देवीला दिलेला हात

अख्ख्या पालघर जिल्ह्यात सरकारला दाराबाहेर ताटकळत ठेवलं ते एकट्या माझ्या मामेसासऱ्यांनी. पाम गावात त्यांची चिकूची वाडी. दर नवरात्रात गावदेवीच्या भिंतीवर हळदीचा पंजा उमटवायचा आणि तो हात दुसरीकडे कुठेही उमटू द्यायचा नाही, हे त्यांचं व्रत. शाळेत शिपाई असताना हजेरीला अंगठ्याचं यंत्र आलं, तर हे रोज मुख्याध्यापकांच्या आधी येऊन फाटकात उभे राहत. म्हणजे हजेरीला खुद्द मुख्याध्यापकच साक्षीदार. सिमकार्डासाठी दुकानदाराने बोट मागितलं, म्हणून मोबाइलच घेतला नाही. ओल्या सिमेंटजवळून जाताना हात पाठीशी बांधत.

निवृत्तीनंतर मात्र बँकेने हयातीच्या दाखल्यासाठी बोट मागितलं. नाहीतर पेन्शन बंद. मामींची औषधं त्याच पेन्शनवर चालत. मामा बँकेतल्या पोराला शांतपणे म्हणाले, "मी तुज्यासमोर बसलोय. जिता हाय का नाय, ते तूच लिव."

शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. मूर्तीवर दोन ओली फुलं लावायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फुलं लावायचं काम माझ्याकडे आलं, बाहेरगावचा माणूस म्हणून. आजवर बायकोलाही बोललो नाही ते सांगतो: डावं फूल मी कच्च्या चिकूच्या चिकाने चिकटवलं होतं. उजवं पडलं. मामांनी हात जोडले, बँकेत गेले आणि बोट टेकवलं. यंत्राला ते तीनदा ओळखता आलं नाही, तेव्हा जरा खूशही झाले.

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या देवळात मान वर केली नाही. गेल्या नवरात्रात हळद कालवता कालवता मामा म्हणाले, "जावयबापू, तुमचं ते डावं फूल चार दिवस निघत नव्हतं. मीच खरवडलं."

मी विचारलं, "मामा, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चीक कोनच्या झाडाचा? वाडी देवीचीच ना. तिला नको असतं, तर चीक धरला असता व्हय?"

आणि माझा उजवा हात हळदीत बुडवून त्यांनी आपल्या पंजाशेजारी दाबला. त्यांच्या पंजाच्या रेषा आता पुसट उमटतात. माझ्या ठळक आल्या. बोईसरला कारखान्याच्या दारात मी अजून रोज अंगठा लावतो. फक्त हल्ली लावताना वाटतं, कुणाचीतरी वस्तू क्षणभर मागून घेतली आहे.