वळकटीतली सुकट

लेक ठाण्यात नव्या टॉवरमध्ये राहायला गेली, म्हणून कोपरहून तिच्यासाठी सुकट भाजून नेली. गेटवर वॉचमनने पिशवी उघडायला लावली. वास सुटला तसे सोसायटीचे सेक्रेटरी पुढे आले. "काकू, आमच्याकडे हे चालत नाही."

त्या वासासरशी मला सोनौलीची सीमा आठवली. मी शाळेत होते, आईबाबांबरोबर नेपाळला निघालेले. परदेशात जाताना सामान तपासतात, असं कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलेलं. तिने सुकट वळकटीच्या पोटात लपवली आणि गाडीत त्या वळकटीवरून हलली नाही. बाबांनी रेशनकार्ड खिशात तयार ठेवलेलं.

सीमेवर एक कमान होती, धूळ होती, मोहरीच्या तेलाचा वास होता. बायका भाजी घेऊन पलीकडे जात होत्या, पोरं सायकलवरून अलीकडे येत होती. आम्हाला कुणी हटकलंच नाही. शेवटी बाबाच एका पोलिसाकडे गेले. "साहब, चेकिंग किधर है?" तो चहा पीत म्हणाला, "जाइए ना." आई भडकली. "मग मी एवढी वळकटीला चिकटून बसले ती कशाला?" मी पोट धरून हसलेले.

आज हसू आलं नाही. अख्ख्या नेपाळने आईची वळकटी उघडली नाही आणि हा माणूस माझ्या लेकीच्या दारात माझी पिशवी हुंगत होता. त्याच्यासमोरच मी तिला फोन लावला.

"भात घेऊन खाली ये. इथेच गेटसमोर बसून जेवू."