चढ आला की उतरायचं

आमच्या बेल्ह्यातल्या रामनाथभाऊंनी उभा जन्म बैलबाजारात दलाली केली. जुनी मोटार घ्यायला गेले, तेव्हाही आधी तिच्याभोवती चकरा मारल्या, चारी टायर दाबून पाहिले आणि मालकाला पळवून दाखवायला सांगितलं. भावही बैलबाजाराच्या रीतीनं रुमालाखाली बोटं धरूनच ठरवला. समोरच्याला त्यातलं काही कळेना, बिचारा नुसती मान हलवत गेला.

गाडी पोसली तीही बैलासारखी. ऑइल वेळेवर, हवा सकाळी गार असतानाच, एअर फिल्टर दर आठवड्याला झटकलेला. आरसा फुटला तर भंगारातून दुसरा. मेकॅनिकला त्यांनी कधी पोट भरू दिलं नाही. इथवर कौतुकच करावं. पण बैलगाडीचा एक नियम त्यांच्या डोक्यातून जाईना : चढ आला की माणसांनी उतरायचं. ओझं कमी, डिझेल कमी, क्लचला आराम. भर उन्हात मीही एकदा उतरले आहे, म्हणून बोलते.

त्यांच्या बायकोची, ठकूवहिनींची, एकच हौस होती. लग्नापासून भीमाशंकरला एसटीत उभ्यानं गेलेल्या. एकदा आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जायचं. घाटात क्लच झिजतो म्हणून भाऊ टाळत राहिले. शेवटी वहिनींनी अबोला धरला, तेव्हा निघाले.

डिंभ्याच्या पुढं चढ लागला आणि भाऊंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. म्हणाले, "अगं, उतर जरा. वर थांबतो."

वहिनी नवी साडी सावरत उतरल्या. आपली पिशवीही बरोबर घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात भाऊंना त्याचा अर्थ कळायला हवा होता.

वर जाऊन भाऊ बॉनेटमध्ये डोकं घालून बसले. मागून एसटी निघून गेली. वहिनींनी हात करून थांबवलेली तीच, पण डोकं आत असल्यावर दिसणार काय?

बराच वेळ झाला, वहिनी येईनात. फोनला रेंज नाही. भाऊ गाडी घेऊन खाली गेले, वर आले, परत खाली गेले. प्रत्येक वळणावर थांबून दरीत डोकावले, हाका मारल्या. वर्षभर वाचवलेलं डिझेल त्या एका चढावर जळलं आणि त्याचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. अखेर करवंदं विकणाऱ्या एका बाईनं सांगितलं, मघाशी एक बाई एसटीत बसली.

देवळाच्या पायऱ्यांवर वहिनी दर्शन उरकून निवांत पेढा खात होत्या. भाऊंनी वाटेत रागवायचं बरंच ठरवलं होतं. पण जवळ आले आणि पायरीवर मटकन बसले.

वहिनींनी अर्धा पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "मी उतरल्यावर गाडी हलकी झाली आसंल की."

"गाडीचं न्हाई ठावं," भाऊ म्हणाले, "पर माझ्या जिवाला लई जड गेलं."