शेवंताचं कांडप आणि पुलाचा जुळा

खुर्सीपारच्या उड्डाणपुलाखाली शेवंताचं मिरची कांडपाचं मशीन होतं. ते जागचं हलू नये म्हणून तिने पुलाच्या एका खांबाच्या चौथऱ्यावरच बोल्ट मारून पक्कं बसवलं होतं. बाई तिखट, आवाज त्याहून तिखट.

उन्हाळा लागला आणि पुलावरून ट्रक बंद झाले. पुलाला जागोजागी सेन्सर चिकटवले होते. पुलाची थरथर ते कम्प्युटरला कळवत, आणि कम्प्युटरात पुलाचा हुबेहूब जुळा उभा होता. खऱ्याला काही दुखलं-खुपलं की जुळा तिथे लाल व्हायचा. आता शेवंताचाच खांब रोज दुपारी लाल होत होता, म्हणून ट्रक थांबवले होते.

सगळ्यांत आधी भडकली ती शेवंता. "ठेकेदारानं सिमेंट खाल्लं! मी कवापासून सांगून राहिली!" गिऱ्हाईक मिरची घेऊन येई आणि धास्ती घेऊन जाई.

दुर्गच्या मोहन नगरातला पुलाची देखरेख करणारा तरुण इंजिनिअर रूपेश दोन वेळा सकाळीच येऊन खांब तपासून गेला. खांब ठणठणीत. तिसऱ्यांदा तो भर दुपारी लॅपटॉप घेऊन आला. कांडप धडाधड चालू होतं. त्याने स्क्रीन उघडला, शिंकला, पुन्हा शिंकला आणि डोळे पुसत म्हणाला, "मावशी, एक मिनट बंद करा ना."

मशीन थांबलं. स्क्रीनवरचा लाल खांब हिरवा झाला.

"आता चालू करा."

हिरवा खांब लाल.

"असं कसं होईन?" म्हणत शेवंताने स्वतः बटण दाबलं. बंद, चालू, बंद, चालू. जुळा बिचारा लाल-हिरवा होत राहिला.

"माय वं! माह्या मशीननं एवढा मोठा पूल हालून राहिला?" तिच्या आवाजात लाज थोडी आणि तोरा जास्त होता.

"पूल नाही हालत, मावशी. सेन्सर अन् तुमचं मशीन एकाच खांबावर. त्याले वाटते, खांबच थरथर कापून राहिला," रूपेश म्हणाला आणि पुन्हा शिंकला.

"मंग कावून नाही सांगतलं आधी?"

"सकाळी तुमचं मशीन कुठं चालू राहते?"

दुसऱ्याच दिवशी मशीन शेवंताच्या घरी अंगणात गेलं आणि ट्रक सुरू झाले. तिचा नवरा प्रेमानंद चरोद्याच्या रेल्वे यार्डात रात्रपाळी करून दुपारी घरी झोपायचा. त्याने त्याच आठवड्यात साहेबाकडे दिवसपाळी मागितली.